बोनेटवरचं सिंहाचं तोंड

तीर्थरूप काकांना पुतण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का? ताईकडे आराम पडत असेलच. काकू इथे खुशाल आहेत (तुम्ही गेल्यापासून शांत झोप लागते, असं त्यांनीच कळवायला सांगितलंय). माझं म्हणाल तर मी संपलो. येत्या रविवारी मला मोटारींच्या क्लबातून हाकलणार आहेत.

झालं असं. आपल्या गाड्या समुद्रापलीकडच्या एकाच कारखान्यातल्या, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण आपल्याकडे पाठवताना ते लोक त्यांवर साधी गोल चकती लावतात आणि स्वतःच्या देशात विकताना सिंहाचं तोंड. इंजिन तेच, दारं तीच, दारांची कुरकुरही तीच. तरी ती चकती बघितली की मला रोज सकाळी कसंतरीच व्हायचं. शेवटी तिकडून सिंह मागवला आणि बसवला. चार नवी भोकं पाडावी लागली (पाचवं चुकून पडलं, ते आयाळीखाली झाकलंय).

गेल्या रविवारी क्लबात गाडी उभी केली आणि भडकाच उडाला. दातांचे डॉक्टर म्हणाले, हा शुद्ध खोटारडेपणा आहे. गाडी ज्या देशासाठी बनली त्याच देशाचं चिन्ह तिनं लावावं. भूगोलाचे निवृत्त मास्तर माझ्या बाजूनं उठले. म्हटलं, वाचलो! कसलं काय! कारखाना कुठे, बंदर कुठे, वारे कुठून वाहतात, असं पाऊण तास सांगून ते शेवटी डॉक्टरांशीच सहमत झाले. मग डॉक्टरांनी भिंतीवरची चौकट उतरवली. क्लब काढताना तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेला पहिला नियम: खोटं चिन्ह लावणाऱ्यास क्षमा नाही. खाली तुमची सही.

काका, अकरा वर्षं झाली हो! घरी मी गाडीचं नाव काढलं की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. कार्बोरेटरबद्दल दोन तास ऐकून घेणारी माणसं मला फक्त तिथेच भेटली. ती तुटली तर रविवारी मी जाऊ कुठे? खोटं कशाला सांगू, परवा गॅरेजमध्ये बसून रडलो (बायकोला वाटलं सर्दी झाली). चूक माझीच, शंभर टक्के माझी. तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

तुमचा कर्मदरिद्री पुतण्या

ता. क. अख्ख्या क्लबात अस्सल सिंहाची गाडी तुमच्या एकट्याचीच. तो कारखान्यानं कसा बसवलाय ते बघावं, म्हणून काल काकूंकडून किल्ली घेतली आणि तो अलगद काढला. खाली लांबी भरून बुजवलेली भोकं निघाली आणि त्यांभोवती रंगात उमटलेली गोल चकतीची कड. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, तो यांनीच बसवलाय, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. माझं स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन दिवसभर अंगणात ठोकत होते."

ता. क. दुसरा. सिंह होता तसा परत बसवलाय. कुणाला अवाक्षर बोललो नाही, जीव गेला तरी बोलणार नाही. फक्त पहिला नियम लिहिताना "पुतण्याखेरीज" हा शब्द घाईत राहून गेला होता, असं दोन ओळींचं पत्र डॉक्टरांच्या नावे रविवारच्या आत पाठवा. सही तीच करा.