हो, पाक

प्रिय पाक तुक्रिन,

खोकला कसा आहे? आल्याचा काढा घ्या, टाळाटाळ करू नका. इकडे सुंबिंग डोंगराच्या उतारावर तंबाखू काढणीला आलीय. तुम्ही निवृत्त होऊन वर्ष होईल, पण आपल्या बालसंरक्षण ऑफिसात तुमच्या खुर्चीवर मी अजून कुणाला बसू देत नाही.

सोमवारच्या आपल्या बैठका आठवतात. कागदोपत्री मी वरिष्ठ, तुम्ही माझ्या हाताखालचे कार्यकर्ते. पण चहा मीच ओतायचे आणि तुमच्यासमोरून वाकूनच जायचे. येईल त्याला तुम्ही सांगायचात, "ही माझी साहेब बरं का! नऊ वर्षांची होती, वीटभट्टीवरून उचलून मीच शाळेत घातली." सगळे हसायचे, मीही हसायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं हो! पण आपल्याकडे थोरांना पाक, म्हणजे बाप म्हणतात, तसं म्हणता म्हणता मी तुम्हाला खरंच बाप मानलं होतं.

वारसितीची फाईल तुम्ही अशाच एका सोमवारी आणलीत. तेरा वर्षांची पोर, मामाच्या घरातून पळून आपल्या आधारगृहात आलेली. मामा तिचं लग्न लावणार नाही, शाळेत घालील, असा गावप्रमुखाने शब्द दिला, म्हणून तुम्ही तिला परत पाठवायला निघालात. मला ती आधीच म्हणाली होती, "ताई, मामा गोड बोलला की जास्त भीती वाटते." मी तुम्हाला एवढंच म्हटलं, "पाक, आणखी एकदा बघायचं का?" थोरांना नाही म्हणायची आपल्यात हीच रीत. तुम्ही उसळलात, "अगं, तू चार बुकं शिकलीस, मी हे सगळे डोंगर पायी तुडवलेत!" मी म्हटलं, "हो, पाक," आणि सही केली. ज्याने मला भट्टीतून काढलं त्याला चुकलात कसं म्हणू, एवढंच डोक्यात होतं. त्या पोरीचा विचार नंतर आला.

दर शुक्रवारी फोनवर तुम्ही विचारता, "आपली वारसिती शाळेत जाते ना?" मी म्हणते, जाते. खोटं बोलत होते, पाक. चार महिन्यांत मामाने तिला एका चाळिशीच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधलं. गेल्या मंगळवारी बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. गुरुवारी चौकशीचे लोक तुमच्या घरी येतील. हे परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहितेय. तुम्ही मला वाचवायला जाल, म्हणाल, रुसमीने अडवलं होतं, मीच ऐकलं नाही. तसं बोलायचं नाही. मी अडवलं नव्हतं. साहेब म्हणून तुम्हाला हा माझा पहिलाच हुकूम, आणि वारसितीला त्याचा काही उपयोग नाही.

तुमचीच,
रुसमी