पुष्पाची ओळ

ओतूर,
१४ डिसेंबर २००९

प्रिय भरत,

दोन वर्षांत तुझं एकही पत्र नाही, म्हणून तुझ्या वाटचंही मीच लिहितो आहे. माझं बरं चाललंय. यंदा अकरावीत संस्कृतला तीन विद्यार्थी आहेत, म्हणजे तू निकालाचं काम केलंस त्या वर्षीच्या तिप्पट. इतकी भरभराट तुझ्या कंपनीचीही झाली नसेल. गेल्या आठवड्यात बाजारात तुझी आई भेटली. मेथीची जुडी हातात तशीच धरून अंजनाबाई म्हणाल्या, "सर, तुमीच लिवा त्याला. काम सोडतो म्हणतोय. माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाई राह्यला, म्हणतो." लिहितो म्हणालो, आणि आठवडा घालवला.

निकालाची ती स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायची आज्ञावली, लिहायला तू दर रविवारी पुण्याहून यायचास. प्रत्येक शिक्षकानं आपल्या विषयाचे गुण संगणकात भरायचे, बेरीज करून यादी तिनं छापायची. पहिल्याच दिवशी प्राचार्यांसमोर ती गुणतक्त्यातल्या एका रिकाम्या घरापाशी अडली आणि पडद्यावर इंग्रजीत तक्रार करून बसली. धर्माजी सर म्हणाले, "राव, आपली एसटी बरी, निदान चढावर तरी बंद पडते." माझी मान खाली गेली, कारण तुला मीच आणलं होतं. मी तुला म्हणालो, काही कर, पण ही पुन्हा अडता कामा नये. तू म्हणालास, त्याला मोठं लटांबर नको, चार ओळींत होतं: जी नोंद अडेल ती उचलायची, बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची. बाजूला म्हणजे कुठं, असं मी विचारलं. तू हसलास. सध्या कुठंच नाही, अडलेल्यांची यादी पुढच्या रविवारी जोडतो, म्हणालास. आमच्या व्याकरणशास्त्रात अपवादालाही बसायला पाट देतात, तू त्याला दारातूनच परत पाठवतोस, अशी तुझी थट्टा केली. आणि निकाल तोंडावर आलाय, राहू दे ती यादी, असंही मीच म्हणालो. हे दुसरं वाक्य तू कधी कुणाला सांगितलं नाहीस.

पुष्पा तुला आठवत असेलच. घाटघरची, दोन वर्षं मेंढरांमागे काढून पुन्हा शाळेत आलेली, आणि त्या वर्षी संस्कृत घेणारी एकटीच. माझा अख्खा वर्ग म्हणजे ती. तिच्या वडिलांनी, राघूनं, मला स्पष्ट सांगितलं होतं, "सर, पास झाली तर बारावी, न्हाई तर यंदाच लगीन." निकालाच्या दिवशी ती पहिल्या गाडीनं आली. पासच्या यादीत नाव नव्हतं, नापासच्याही नव्हतं. शिपाई सांगतो, तिनं दोन्ही याद्या तीनदा वाचल्या आणि कुणाला काही न विचारता परत गेली. विचारायला मी तिथं नव्हतो, जुन्नरला एका मुंजीत जेवत होतो. महिना संपायच्या आत तिचं लग्न झालं, तिकडे आंबेगाव तालुक्यात. जूनमध्ये हजेरीपट ताडून पाहताना एक गुणपत्रिका कमी भरली तेव्हा आम्हाला कळलं. ती पास झाली होती, असा निरोप आम्ही घाटघरला पाठवला. निरोपाचा उपयोग काय, ते तूच ठरव.

तू धावत आलास. स्क्रिप्ट पुन्हा चालवलीस, तर पुष्पाची ओळ सुरळीत छापून आली. दोन दिवस तू शाळेत बसून एकेक ओळ तपासलीस, जेवलाही नाहीस. शेवटी प्राचार्यांना म्हणालास, "चूक माझीच आहे, पण कुठं आहे ते मला सापडत नाही." त्यानंतर तू ओतूरला आला नाहीस.

परवा मी अवसरी खुर्दला गेलो होतो. तिथं नवं इंजिनिअरिंग कॉलेज झालंय, पोरांसाठी बाहेर मेस निघाल्यात. एका मेसमध्ये जेवायला बसलो, तर भाकरी वाढणारा हात थांबला. पुष्पा. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी निघालो तशी पदराला हात पुसत मागे आली आणि म्हणाली, "सर, मला संस्कृतला किती पडलं व्हतं ओ?" मी म्हणालो, आठवत नाही.

सत्त्याऐंशी. भरत, ते मी संगणकात देवनागरी अंकांत भरले होते. इंग्रजी आकड्यांत संस्कृतचे गुण लिहायचे नाहीत, हा माझा जुना ताठा. बाकी साऱ्यांचे आकडे इंग्रजी होते, स्क्रिप्टला तेवढेच वाचता येत, म्हणून एकट्या तिचीच नोंद अडली, आणि मी सांगितल्याप्रमाणे मुकाट्यानं वगळली गेली. जूनमध्ये तू येण्याच्या आदल्या दिवशी मला ते दिसलं. मी ८७ पुसून इंग्रजी आकडे घातले आणि फाईल बंद केली. दोन दिवस तू शोधत होतास ते तिथं नव्हतंच. तुला चहा आणून देणाऱ्याकडे होतं. अडलेल्यांची यादी राहिली, एवढीच तुझी चूक, आणि तीही माझ्या सांगण्यावरून. काम सोडू नकोस. पुष्पाची गुणपत्रिका अजून माझ्या खणात आहे. उद्या सकाळच्या गाडीनं ती घेऊन अवसरीला जातो आहे, आणि जे तुला लिहिलं ते तिलाही सांगणार आहे. तिनं भाकरी वाढली नाही तरी चालेल.

तुझाच, जमल्यास अजूनही,
कुंडलिक सर