टोमॅटो सोडून

नोगालेस, २७ एप्रिल, रविवार

प्रिय एवारिस्तो,

पत्र बघून दचकू नकोस. माल सडलेला नाही, ट्रक सरहद्दीच्या नाक्यावर अडकलेला नाही आणि मीही ठणठणीत आहे. परवा आलेल्या तुझ्या टोमॅटोंबद्दल जे बोलायचं ते काल सकाळी सहाला फोनवर बोलून झालंच. वरच्या थरात चार-पाच पेट्या जरा जास्त पिकलेल्या निघाल्या आणि तू नेहमीप्रमाणे ड्रायव्हरवर ढकललंस. एकवीस वर्षांत तुझ्या शेतातला एकही टोमॅटो स्वतःच्या चुकीने पिकलेला नाही, हे मला आता पाठ आहे.

गुरुवारी तुझा उलिसेस माझ्याकडे येऊन गेला. हे तुला त्याने सांगितलं असेल, नसेलही. हातात कागदांची फाईल, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं इतकं अदबीचं की मला वाटलं पोरगा मागणी घालायला आलाय. म्हणाला, "मावशी, डुरांगोच्या डोंगरातून नवा रस्ता झाल्यापासून सगळे टेक्सासच्या नाक्याने माल पाठवतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांना एक दिवस आधी मिळतो. आपणच तेवढे अजून नोगालेसला चिकटून बसलोय." माझ्या शीतगृहातली तुझी अर्धी भागी काढून तिकडच्या नव्या वखारीत घालायची, आणि पुढच्या हंगामापासून ट्रकही तिकडेच. सगळं ठरलंय, फक्त तुझी सही अडली आहे. "बाबांना विचारलं की एकच उत्तर, आधी हेर्लिंदाला विचार. म्हणून विचारायला आलो." वाळवलेल्या मांसाची भाजी आणि आमच्या इकडच्या मोठ्या पोळ्या, तोर्तिया, तयार होत्या, त्या वाढल्या. चार खाल्ल्या त्याने. दोन दिवसांत तुझ्या बाबांना फोनवर सांगते, असं मी कबूल केलं. शुक्रवारी सांगणं झालं नाही. शनिवारीही नाही.

ती फाईल मी दोनदा वाचली. खरं सांगते, चूक सापडावी म्हणूनच वाचली. सापडली नाही. पोरगं हुशार आहे, आईवर गेलंय. आणि माझी काळजी करू नकोस. काबोर्काचे द्राक्षवाले दर मे महिन्यात माझ्या दारात उभे असतात आणि जागा नाही म्हणून मी त्यांना परत पाठवते. तुझ्या खोल्या रिकाम्या झाल्या तर ते आनंदाने भागी घेतील. तेव्हा हेर्लिंदाची वखार बुडेल म्हणून तू सही अडवली असशील, तर उगाच मोठेपणा घेऊ नकोस.

सोकोरो जाऊन वर्ष झालं, त्या प्रार्थनेचा रविवार तुला आठवतो? मला तर तो रोज आठवतो. तोवर बारा वर्षं आपण फोनवर "तुम्ही" आणि "आपण" करत होतो. मी तुझं तोंडही पाहिलं नव्हतं, पण तुझी बायको गेल्यापासून फोनवरचा तुझा आवाज इतका बसला होता की मला राहवेना. चौदा तास बसमध्ये बसून तुमच्या कुलिआकानला आले. दहाची प्रार्थना. उतरले तेव्हा माझ्या घड्याळात नऊ वाजले होते, म्हणून निवांत कॉफी घेतली, फुलं घेतली, दहाला पाच कमी असताना चर्चमध्ये शिरले. आत कोणी नाही! नेमक्या त्याच रविवारी तुमची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेलेली. आम्ही सोनोरावाले सरहद्दीपलीकडच्या ॲरिझोनाशी धंदा करतो म्हणून त्यांच्याच वेळेवर चालतो, आमच्या घड्याळाला कोणी हात लावत नाही, मग माझ्या कुठून ध्यानात राहणार! तू एकटाच खुर्च्या आवरत होतास. फुलं हातात घेऊनच मी म्हटलं, "मी नोगालेसची हेर्लिंदा, टोमॅटोवाली." आणि तू हसायलाच लागलास. म्हणालास, "तू तर मालापेक्षा उशिरा पोचलीस!" वर्षभरात पहिल्यांदा हसलो, असंही म्हणालास. त्या दिवसापासून आपण "तू" झालो. मी शरमेने अर्धी झाले होते आणि परतीच्या बसमध्ये तितकीच खूश होते. सोकोरोच्या प्रार्थनेहून खूश परतले, याची खूप दिवस मला लाज वाटली. आता वाटत नाही.

माझ्या ऑफिसातली तेरे फाजील आहे, तुला माहीत आहेच. सहाला तुझा फोन वाजला की म्हणते, "झाला चेहरा लाल. आता टोमॅटो बघा." टोमॅटो किती पिकलाय ते ठरवायच्या रंगाच्या तक्त्यावर मी कितव्या नंबरला आहे तेही सांगते. मी रागावते, पण फोन दुसऱ्या कोणाला उचलू देत नाही. आणि बोलतो काय आपण? पेट्या किती, देठ हिरवे आहेत का, ट्रक कधी निघाला. बस.

उलिसेस जाताना दारात उभा राहून हसत हसत तुझी तक्रार करत होता. "मावशी, बाबांचं काही खरं नाही. एप्रिल आला की आम्ही सगळी घड्याळं पुढे करतो, पण स्वयंपाकघरातल्या घड्याळाला हात लावू देत नाहीत. नऊ वर्षं झाली. तेवढं नोगालेसचं राहू दे, म्हणतात." त्याला बिचाऱ्याला वाटलं, बापाचा विसरभोळेपणा सांगतोय. मी दार लावलं आणि तिथल्या तिथे पायरीवर बसले.

म्हणून पत्र. फोनवर आपल्याला टोमॅटो सोडून काही बोलता येत नाही, आणि आज मला तेच सोडून बोलायचंय. पत्र मिळालं की सही करून टाक. भागी काढ, ट्रक टेक्सासला जाऊ देत, पोराचं भलं होऊ दे. माल अडवून मला तुला धरून ठेवायचं नाही. मी छप्पन्न वर्षांची आहे, तू एकसष्टचा, आणि सहाच्या फोनला आता टोमॅटोचं निमित्त पुरे झालं. हंगाम संपला की बसने इकडे ये. परतीचं तिकीट काढू नकोस.

या कागदावर वखारीचा शिक्का नाही, बघून घे.

तुझीच,
हेर्लिंदा