वाफ्यातल्या मातीचा वास

सूनबाई,

वाफ्यातला पालक तोडू नकोस, छोटीलाही मातीत खेळू देऊ नकोस. डबाभर माती तपासायला प्रयोगशाळेत चाललोय, दुपारपर्यंत येईन.

मातीला रॉकेलसारखा वास येतो, हे तू महिनाभर सांगत होतीस. मी उलट तुलाच म्हणालो, नाकात औषध घाल. अगं, चाळीस वर्षं गॅरेजात गेली माझी, तो वास मला वासच वाटत नाही.

वाफ्यालगतच्या कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून गाड्यांचं जळकं ऑइल मीच ओतायचो, वर्षानुवर्षं. काल तू शेजारच्या रंगाऱ्याला रंगाचं थिनर आपल्या वाफ्यात फेकतोस म्हणून झापलंस, तेव्हाच हे मला आठवलं होतं. तरी मिठाची गुळणी धरून बसलो. त्या भल्या माणसाने न केलेल्या चुकीची माफी मागितली, आणि मी बाजूला उभा राहून मान डोलावली.

आता आधी त्याच्याच दाराशी जातोय. तो घरी नसला तर बरं, असं अजूनही मनात येतंय. म्हणून हे तुला लिहून ठेवलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

बाबा