उजवी पाकळी

२ फेब्रुवारी, शुक्रवार

निलेशने आज माझी गचांडी धरली. हिराचा सख्खा भाऊ! ओसरीवर, तिच्यादेखत.

"दाजी, तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात खोली धरलीय. सोमवारी ऑपरेशन. माझी आई सरकारी दवाखान्यात गेली, आता बहीणबी घालवता?"

मी म्हटलं, छातीतली गाठ पुण्याच्या सरकारीतच कळली. रोज अशाच बायकांवर उपचार करतात तिथे. तेरा तारखेला नंबर आहे.

"तवर गाठ थांबंल व्हय?" म्हणत त्याने पाण्याचा हंडा लाथेने उडवला. मी त्याला ढकललं. डोकं खांबावर आपटलं त्याचं.

हिरा मध्ये पडली — "आधी मलाच मारा दोघं! म्हंजी दवाखानाच नगं!"

३ फेब्रुवारी

कोणाचं खरं? चुकलो तर जीव तिचा जाणार. उद्या भैरवनाथाला कौल लावू. निलेशही कबूल आहे. "नाथानं सांगितलं तर मी गप," म्हणाला.

४ फेब्रुवारी, रविवार

गुरव सखाराम आबांनी फुलाच्या दोन पाकळ्या हिराच्या हातात दिल्या. आमच्याकडे ज्याचं दुखणं, त्यानेच त्या ओल्या करून नाथाच्या छातीवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर सरकारी, डावी पडली तर खासगी. हिराने लावल्या. मी डोळे मिटले, नाथाचं नाव घेतलं. उघडले तर उजवी खाली!

"दगड हाय त्यो!" निलेश ओरडला. "दगडाचं ऐकू?" आणि पेटती समई उचलून नाथाच्या तोंडावर उगारली.

मी ती हिसकावली आणि त्याच्या त्याच हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. पुन्हा हाणली. तेल, रक्त — फरशीवर पाय ठरेना. आबा माझ्या कमरेला लटकले, "सोड, मरंल पोरगं!"

मला सोडायचं नव्हतं. खरं तेच लिहितो. नाथासमोर उभा होतो आणि मला सोडायचं नव्हतं.

५ फेब्रुवारी

निलेशचा हात प्लास्टरमध्ये. कामशेतच्या डॉक्टरला म्हणाला, गाडीवरून पडलो. हिरा माझ्याशी बोलत नाही.

६ फेब्रुवारी

अंघोळ केली, पूजा केली. हाताचा तेलाचा वास जात नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

काल सरकारीत ऑपरेशन झालं. गाठ काढली. निलेश आज जेवण घेऊन आला. माझ्याकडे न बघता बाहेर बाकावर बसला.

हिराने मला जवळ बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तळेगावचा डॉक्टर सगळं निलेशलाच सांगायचा. माझ्याकडं बघायचाबी न्हाई. हितली डॉक्टरीण माझ्याशी बोलती. तुमी दोघं नुसते भांडत हुता. मला इचारलं का कुणी?"

मी म्हटलं, नाथाने तर सांगितलं ना.

"उजवीला मी पाणी लावलंच न्हवतं. कोरडीच टेकवली."

दारातून निलेश दिसत होता. एका हाताने डबा उघडत होता. झाकण निघत नव्हतं.