होणाऱ्या सुनेने माझे दात पाहिले

मखमलाबाद, नाशिक
रविवार, दुपार

ती. सौ. मंजुषाताईस,

सुवर्णाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत आणि भाऊजी अजून चोरून पेढे खातात का, ते कळव. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. माझं तोंड आलंय. फोनवर धड बोलता येत नाही म्हणून हे पत्र. मनातलं मनात राहिलं तर मला झोप लागत नाही, हे तुला माहीतच आहे.

जिभेच्या डाव्या कडेला फोड आला आणि घरातला प्रत्येक जण वैद्य झाला. सासूबाई म्हणाल्या, “उष्णता हाय. लय मिसळ खाती.” आमचे चिरंजीव स्वराज म्हणाले, व्हिटॅमिन कमी पडलं. हे म्हणाले, बोलणं जास्त झालं. (यांना मी नंतर बघणार आहे.) मळ्यात जाईचे वेल आहेतच, म्हणून पानं चावली. इतकी चावली की फुलं तोडायला आलेल्या बाईने विचारलं, “रात्री शेळी शिरली होती का?” मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या (त्याने बरं वाटतं, उगाच नाही कशाला म्हणू). शेजारच्या सिंधुबाईंच्या सांगण्यावरून तुरटी लावली, तर जीभ अशी आखडली की स्वराजला ‘थ्वराज’ म्हणून हाक मारली. पण मिसळ सोडली नाही. सोडणारही नाही. जीभ माझी आहे, जळली तर मला जळेल.

अशातच स्वराजसाठी बघितलेली दिशा आणि तिचे आईवडील मालेगावहून आमचं घर बघायला आले. माझ्या जिभेवर तूप-हळदीचा लेप. मी नुसती हसत होते, मान हलवत होते, पोहे पुढे करत होते. दिशाच्या आई भारावून म्हणाल्या, “आम्हाला अशीच शांत सासू हवी होती. आमची दिशा फार बोलते हो.” आणि ताई, आमचे हे काय म्हणाले असतील? “पहिल्यापासून अशीच आहे ती.”

मी लेप गिळून टाकला.

“मी शांत नाही,” म्हटलं. “माझं तोंड आलंय. बरं झालं की दिवसभर बोलणार आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा.”

स्वराजचं तोंड असं झालं की मलाच कसंतरी वाटलं. पोराचं जमत आलेलं मी मोडलं की काय! पण शब्द मागे घेतला नाही. तेवढ्यात दिशा उठली, मोबाईलचा टॉर्च लावला आणि म्हणाली, “काकू, आ करा बघू.” बैलबाजारात बैलाचे बघतात तसे तिने सगळ्यांदेखत माझे दात पाहिले.

“दाढेचा तुकडा पडलाय. टोक जिभेला घासतंय,” ती म्हणाली. (फुटाणे खाताना कट्‌ झालं होतं खरं.) “आमच्या पप्पांचं असंच झालं होतं. डॉक्टरकडून ते टोक घासून घ्या, नाहीतर कितीही पानं चावा, रोज तिथेच लागणार. पंधरा दिवसांत फोड गेला नाही तर दाखवावंच लागतं. आणि स्वराज सांगत होता ती मिसळ तोवर बंद.”

“मिसळ बंद होणार नाही.”

“मग दही घालून खा. तिखट तरी कमी होईल.”

दिशाच्या आईंनी कपाळाला हात लावला. “बघा, मी म्हटलं नव्हतं? फार बोलते!”

तर मी घरात ठणकावून सांगितलंय: दातांच्या डॉक्टरची पायरी मी चढणार नाही. माझ्या दाढेला कोणीही मशीन लावायचं नाही. कोणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे.

तुझी,
(शांत नसलेली) सुवर्णा

ता. क. लग्न ठरलं. वर लिहायचं राहूनच गेलं.

आणखी एक. पुढच्या मंगळवारी सकाळी पंचवटीतल्या एका दवाखान्यात नंबर लावलाय. घरी ‘ताईबरोबर साड्या बघायला जाते’ असं सांगितलंय. दिशा येते म्हणत होती, पण सुनेसमोर रडायचं कसं? तूच ये. माझा हात घट्ट धर, आणि मशीन सुरू झालं की तू बोलत राहा. काहीही बोल, पण थांबू नकोस.