पलटणीचं नाव

चिखली,
३१ मार्च १९६३

प्रिय दयाराम,

आपण उकंडरावांना फसवलं का? तू फौजेत गेल्यापासून हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे, आणि बी.ए. झालेल्या तुझ्या बहिणीला त्याचं उत्तर देता येत नाही. त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तेव्हा तू नाव सांगितलंस, दयाराम पुंजाजी जाधव, गाव साखरखेर्ड्याजवळ. ते लगेच म्हणाले, "मंग सिंदखेडचेच जाधव म्हना की! जिजाऊच्या माहेरचे!" तू नुसता हसलास. मी खाली बघत राहिले. आपण खोटं बोललो नाही, आणि खरंही बोललो नाही. त्याआधी जिथे जिथे आपण बौद्ध आहोत हे सांगितलं, तिथे तिथे खोली नेमकी कालच दिलेली असायची.

एकट्या बाईला खोली मिळत नाही, म्हणून भाडेचिठ्ठी तुझ्या नावावर झाली. अखाजी ते अखाजी, या अक्षय्य तृतीयेपासून पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, सालदाराचं असतं तसं पुरं साल. साल मोडणाऱ्या माणसाला उकंडराव दारात उभं करत नाहीत, हे आपण ऐकून होतो. म्हणून तुझी भरती झाली तेव्हा आपण दोघं त्यांच्यासमोर गुन्हेगारासारखे उभे राहिलो. त्यांनी पेटीतून चिठ्ठी काढली आणि टराटरा फाडली. "अबे, तू चीनशी लढाले चालला, अन् मी तुयाशी भाड्याची हुज्जत घालू? साल मोडलं त मोडलं! ताई राहीन इथं माया लेकीवानी." तू त्यांच्या पाया पडलास. मी मात्र फाटलेल्या तुकड्यांकडे बघत राहिले. कागद होता तोवर अखाजीपर्यंत त्या खोलीवर आपला हक्क होता. आता मला त्यांच्या मायेवर राहायचं होतं, आणि ती माया सिंदखेडच्या जाधवांवर होती.

तुला मी लिहीत होते की सगळं छान आहे. छान होतंच रे, तेच तर भयंकर होतं. उकंडरावांच्या पत्नी मंजुळाबाई सणावाराला मला चुलीपाशी पाट मांडून बसवायच्या. "काऊन वं, फौजीची बहीन अन् दोन पोळ्यात आटोपते?" असं म्हणून तिसरी वाढायच्या. अंगणातल्या विहिरीवर मी सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरून घ्यायची. उद्या कुणी काही बोललंच तर, मी भरत असताना दुसरं कुणी तिथे नव्हतं, एवढं तरी म्हणता यावं. कसला वेडा हिशोब! बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवली होती. वर्गात मुलींना समतेचा धडा शिकवून घरी यायचं आणि आधी दाराला कडी लावायची. हेडमास्तरांना आपली सगळी माहिती आहे. पण तेही म्हणाले होते, "बाई, शाळेत कसली अडचण नाही. गावात मात्र सांगत बसू नका."

आठवडी बाजाराची तर मला धडकीच भरायची. होळीच्या आधी मी मिरच्या घेत होते आणि मागून आवाज आला, "पुंजाजीची सिंधू नव्हं का तू?" आपल्या गावचा कारभारी. उकंडराव दहा पावलांवर लसणाचा भाव करत उभे. मी मान वळवली नाही. मिरच्या तशाच टाकून कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत शाळेपर्यंत धावत गेले. सुट्टीचा दिवस, फाटकाला कुलूप. तिथल्या पायरीवर बसून राहिले आणि मला माझीच किळस आली. आपल्या बाच्या नावानं हाक मारली म्हणून मी पळाले होते.

मग तुझं सागरहून पत्र आलं, शाळेच्या पत्त्यावर, की ट्रेनिंग लवकर उरकून अखाजीला रजा मिळेल. आनंदाच्या भरात मी ते मंजुळाबाईंना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत उकंडरावांनी अर्धी चिखली गोळा केली होती. एसटी स्टँडपासून बँड, अंगणात मांडव, नगरपालिकेच्या माणसाच्या हातून हार. मी म्हटलं, काका, राहू द्या, त्याला आवडत नाही. "त्याले काय इचारतं? नवरदेवाले इचारून लगन लागते का?" सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून ते रोज विचारू लागले, पलटण कोणती? मी रोज सांगायची, तो लिहीतच नाही हो. "असा कसा पोट्टा हाय! मराठा पलटनच असन, दुसरी कोनती?" मी पाण्याची घागर घेऊन निघून जायची.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओट्यावर पांढरं कापड अंथरलेलं. पेंटर भाऊराव त्यावर वाकलेला. 'सिंदखेडच्या जाधव घराण्याचे वीर जवान' एवढं रंगवून झालं होतं. पुढची जागा मोकळी. उकंडराव, मंजुळाबाई, शेजारच्या चार बाया, सगळे माझी वाट बघत होते. "सांग वं ताई लवकर, ब्रश सुकून राह्यला त्याचा." पुन्हा एकदा माहीत नाही म्हणता आलं असतं. मी खांबाला धरलं आणि म्हटलं, "महार रेजिमेंट. काका, आम्ही सिंदखेडच्या त्या घराण्यातले नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"मस्करी करतं का, पोरी?" ते म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी आधी विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एकदम म्हातारे दिसायला लागले. "अन् मी साऱ्या बाजारात सांगत फिरलो," एवढंच म्हणाले. मंजुळाबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळानं उकंडराव पाठ फिरवून म्हणाले, "सांजेलोग खोली मोकळी कर. चिठ्ठी तं हायच नाही." ट्रंक, वळकटी, स्टोव्ह घेऊन मी निघाले. किल्ली द्यायला गेले तर मंजुळाबाईंनी हात पुढे केला नाही. "उंबऱ्यावर ठेव," म्हणाल्या. डोळे पुसत होत्या, पण हात पुढे केला नाही.

सध्या मी ओढ्यापलीकडे आपल्या वस्तीत सत्यभामाबाईंकडे आहे. त्या कापसाच्या जिनात कामाला जातात, तुला ओळखतात. शाळेत रोज जाते. दोन मुलींच्या आयांनी त्यांना माझ्या वर्गातून काढून घेतलं आहे. पुढे काय होईल सांगता येत नाही. बा-मायला कळवलेलं नाही. रस्त्यानं जाताना मागे पाऊल वाजलं तरी अंगावर काटा येतो. भीती गेली असं लिहून तुझी समजूत काढणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मला भीती दोन गोष्टींची आहे. एक, हे दुसऱ्या कुणाकडून ऐकून तू ट्रेनिंग अर्धवट टाकून धावत येशील. तसं करू नकोस. दुसरी, तुला काही न कळता तू अखाजीला वर्दी घालून थेट त्याच अंगणात जाशील. तू लिहिलं होतंस ना, शपथ झाली की खांद्यावर पलटणीच्या नावाची पितळी अक्षरं मिळतील, आणि कधी एकदा ती लावतो असं झालंय. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मांडव आला, गळ्यात हार घातलेला तू, आणि हार घालता घालता तुझ्या खांद्यावरची अक्षरं वाचून थांबलेला हात. सगळ्या गावासमोर, वर्दीत. ते मला सोसलं नसतं. खोली गेली, त्याला इलाज नव्हता. तू ओढ्यापलीकडे ये, वर्दीतच ये. त्या अंगणात तुला आता कुणी बोलावणार नाही. तुझ्या पलटणीचं नाव त्यांनी तुझ्या खांद्यावर वाचण्याआधी मीच त्यांना सांगून आले आहे.

तुझीच,
सिंधूताई